ब्रूस ली प्रत्यक्ष झुंजीत कसा होता?

उत्तरायण (धागाकर्ता)

ब्रूस ली पडद्यावर जसा दिसतो तसा प्रत्यक्ष लढाईत होता का, हा प्रश्न त्याच्या मृत्यूला पन्नास वर्षे उलटून गेली तरी मिटलेला नाही. दोन्ही बाजूंची माणसे आधी उत्तर ठरवतात आणि मग पुरावा शोधायला बसतात, हे त्याचे मुख्य कारण आहे असे मला वाटते. एका बाजूच्या लेखी तो अजिंक्य होता, तर दुसऱ्या बाजूच्या लेखी तो नाच शिकलेला, कॅमेऱ्यापुढे चपळ दिसणारा नट होता. या धाग्यात चित्रपट पूर्णपणे बाजूला ठेवून, ज्या झुंजींना साक्षीदार होते तेवढ्यांचाच विचार करावा अशी माझी विनंती आहे.

ब्रूसचा जन्म १९४० साली सॅन फ्रान्सिस्कोत झाला आणि तो हाँगकाँगच्या कौलून भागात वाढला. वडील कँटनीज संगीत नाटकातले नावाजलेले नट होते आणि घरची परिस्थिती चांगली होती. तेराव्या-चौदाव्या वर्षी तो यिप मान या गुरूंकडे विंग चुन ही चिनी युद्धकला शिकू लागला, पण त्याची बरीचशी तयारी करून घेतली ती वाँग शुन-लेउंग या ज्येष्ठ गुरुबंधूने. त्या काळी हाँगकाँगमध्ये निरनिराळ्या पंथांच्या शिष्यांच्या ठरवून झुंजी होत आणि त्या पोलिसांच्या नजरेआड, इमारतींच्या गच्च्यांवर लावल्या जात. वाँगचे नाव अशा झुंजींमुळेच झाले होते. १९५८ साली ब्रूस अशाच एका गच्चीवर उतरला तेव्हा पहिल्या फेरीत त्याने चांगलाच मार खाल्ला, आणि सामना बरोबरीत सोडून द्यावा असे त्याच्या मनात आले. तिथे हजर असलेल्या वाँगने त्याला धीर देऊन पुन्हा उभे केले आणि दुसऱ्या फेरीत ब्रूस प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडून जिंकला. या झुंजीची नोंद त्याने स्वतःच्या डायरीत केली आहे. आपण जिंकलो, समोरच्याचा दात पडला, आपलाही डोळा काळानिळा झाला, असा तिचा मथितार्थ आहे. सतरा वर्षांच्या मुलाने स्वतःचा सुजलेला डोळाही डायरीत टिपावा, यामुळे ती नोंद मला विश्वासार्ह वाटते. त्याच वर्षी त्याने आंतरशालेय मुष्टियुद्ध स्पर्धेत, सलग तीन वर्षे विजेता राहिलेल्या गॅरी एल्म्स या मुलाला अंतिम सामन्यात हरवले. ती शाळकरी मुलांची स्पर्धा होती हे खरे, पण पंच, हातमोजे आणि नियम असलेली त्याच्या आयुष्यातली ठळक लढत तीच आहे.

दुसरा प्रसंग १९६० सालचा, सिएटलचा. तिथल्या वायएमसीएच्या हँडबॉलच्या बंदिस्त मैदानावर एका जपानी कराटेपटूने ब्रूसला आव्हान दिले. तो बरेच दिवस मागे लागला होता आणि ब्रूस त्याला टाळत होता, असे जेसी ग्लोव्हरने सांगितले आहे. हा ग्लोव्हर ज्युदो खेळणारा होता आणि ब्रूसचा अमेरिकेतला पहिला शिष्य होता. झुंज अकरा सेकंदांत संपली, असे वेळ मोजणाऱ्याने नोंदवले. साक्षीदार बहुतेक ब्रूसच्या वर्तुळातले होते ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, तथापि त्यांचे तपशील एकमेकांशी बऱ्यापैकी जुळतात. ब्रूसने साखळीसारखे सरळ ठोसे मारत समोरच्याला भिंतीपर्यंत नेले आणि तो खाली जाताना त्याला लाथ बसली, एवढे सगळेच सांगतात.

तिसरा प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९६४ च्या अखेरीस ओकलंडमधल्या ब्रूसच्या शिकवणीच्या जागेत, बंद दाराआड, वाँग जॅक मॅन (वरच्या वाँग शुन-लेउंगहून वेगळा) या उत्तर शाओलिन नावाच्या चिनी युद्धकलेच्या तरुण जाणकाराशी त्याची झुंज झाली. ब्रूसची पत्नी लिंडा तेव्हा गरोदर होती आणि ती तिथे उभी होती. ब्रूसचा भागीदार जेम्स ली होता, आणि वाँगबरोबर आलेली चार-पाच माणसेही होती. झुंज का झाली, यावरही एकमत नाही. लिंडाच्या म्हणण्याप्रमाणे चिनी नसलेल्यांना ही विद्या शिकवू नये असा चायनाटाउनमधल्या वडीलधाऱ्यांचा आग्रह होता. वाँगच्या म्हणण्याप्रमाणे ब्रूसने एका जाहीर प्रात्यक्षिकात, कोणीही येऊन पाहावे, असे सर्वांना ललकारले होते. लिंडा सांगते की झुंज सुमारे तीन मिनिटांत संपली, वाँग पाठ फिरवून पळू लागला आणि ब्रूसने त्याला खाली पाडून हार कबूल करायला लावली. वाँगच्या सांगण्यानुसार ती वीस-पंचवीस मिनिटे चालली, ब्रूसने सुरुवातीलाच डोळ्यांवर वार करण्याचा प्रयत्न केला, आणि ब्रूसला दम लागला म्हणून ती थांबली. वाँगने आपली बाजू सॅन फ्रान्सिस्कोच्या एका चिनी वृत्तपत्रात छापून आणली आणि ब्रूसला ती मान्य नसेल तर पुन्हा जाहीरपणे लढू, असेही लिहिले. ब्रूसने ते आव्हान स्वीकारले नाही.

कोण जिंकला यावर मी माझे मत देणार नाही, कारण बंद दाराआडच्या दोन परस्परविरोधी कथनांतून ते ठरत नाही. मात्र दोन्ही कथने एका बाबतीत एकत्र येतात, आणि ती म्हणजे ब्रूसची दमछाक झाली होती. लिंडाने स्वतः लिहिले आहे की झुंजीनंतर तो निराश होऊन बसला होता, कारण जे काम काही सेकंदांत व्हायला हवे होते त्याला मिनिटे लागली आणि पळणाऱ्या माणसाला गाठण्याचे साधनच आपल्या पद्धतीत नाही, हे त्याला उमगले होते. त्यानंतर त्याने धावणे, दोरीवरच्या उड्या आणि वजनांचा व्यायाम यांचा ध्यास घेतला, मुष्टियुद्धाच्या चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहून टिपणे काढली, तलवारबाजीतले पदलालित्य उचलले, आणि १९६७ पर्यंत विंग चुनच्या चौकटीतून बाहेर पडून स्वतःच्या विचारांना जीत कुने दो हे नाव दिले. जिंकलो असे मानणारा माणूस स्वतःची विद्या मुळापासून मोडून पुन्हा बांधतो, याचा अर्थ तो लढाईकडे लढवय्याच्या नजरेने पाहत होता. माझे म्हणणे इतकेच आहे की ब्रूस ली खरोखर लढू शकत होता, आणि तो जगज्जेता होता असे सिद्ध करणारा पुरावा मात्र अस्तित्वात नाही. ही दोन विधाने एकत्र मान्य करायला कोणाची हरकत असेल तर ती कारणांसह मांडावी.

तालमीतला

लेख आवडला. मी तालमीत वाढलेला आहे, त्यामुळे मला पहिला प्रश्न पडतो तो असा की, कोणाबरोबर? आमच्याकडे जोड लावताना वस्ताद आधी दोघांचे वजन आणि अंगपिंड पाहतात, आणि त्याशिवाय कुस्तीला काही अर्थ राहत नाही. ब्रूस लीची उंची सुमारे १७१ सेंटिमीटर आणि वजन साठ ते चौसष्ट किलोच्या आसपास होते. आजच्या मिश्र युद्धकलांच्या (एमएमए) स्पर्धेत तो ६१.२ किंवा ६५.८ किलोच्या गटात बसला असता. त्या वजनाच्या माणसांत तो किती चांगला होता, हा रास्त प्रश्न आहे. त्याने शंभर किलोच्या मल्लाला लोळवले असते का, या प्रश्नावर मात्र वेळ घालवू नये, कारण तिथे वजनच बोलते.

स्वतः ब्रूसलाही याची जाणीव होती असे दिसते. मुहम्मद अलीच्या लढतींच्या फिती तो बारकाईने अभ्यासायचा, आणि त्याच्याशी सामना झाला तर काय, असे विचारल्यावर आपला लहानसा हात दाखवून, तो मला मारूनच टाकेल, असे तो म्हणाल्याची आठवण त्याच्या सहकाऱ्यांकडून सांगितली जाते.

दुसरा मुद्दा जमिनीवरच्या लढाईचा. १९६६-६७ मध्ये ‘ग्रीन हॉर्नेट’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या चित्रीकरणात जीन लबेल हा ज्युदोचा अमेरिकी राष्ट्रीय विजेता मारामारीच्या प्रसंगांसाठी आला होता. त्याने ब्रूसला उचलून खांद्यावर टाकले आणि सेटवर फिरवले, हा किस्सा लबेलने अनेकदा सांगितला आहे. माझ्या दृष्टीने त्या किश्श्यातला पुढचा भाग अधिक मोलाचा आहे. ब्रूसने रुसून न बसता त्याच लबेलबरोबर सराव सुरू केला, त्याच्याकडून पकडी आणि सांधे अडकवण्याचे डाव शिकून घेतले आणि त्याला आपल्या लाथा दाखवल्या. तालमीत असा मुलगा आला की वस्ताद खूश होतात. तरीही दोन माणसांच्या अधूनमधूनच्या सरावाने कोणी पकडीचा मल्ल होत नाही. दुहेरी पट काढणाऱ्या, म्हणजे दोन्ही पाय धरून खाली पाडणाऱ्या, तयार मल्लापुढे त्याचे काय झाले असते, या प्रश्नाला माझे प्रामाणिक उत्तर असे आहे की पहिल्या ठोशातच काम झाले नसते तर तो खाली गेला असता. १९९३ साली डेन्व्हरला झालेल्या यूएफसी या मिश्र युद्धकलांच्या पहिल्या स्पर्धेत वजनगट नव्हते आणि रॉइस ग्रेसी या पकडींच्या जाणकाराने एकाच रात्रीत तीन प्रतिस्पर्ध्यांना जमिनीवर नेऊन हार मानायला लावली. ठोसे-लाथांच्या जाणकारांना त्या रात्री जे कळले, ते ब्रूसला पंचवीस वर्षे आधी अर्धेमुर्धे का होईना कळले होते, एवढे श्रेय मी त्याला देतो.

पुराव्यानिशी

मला दोन्ही प्रतिपादने थोडी सैल वाटतात. धागाकर्त्यांनी दिलेल्या प्रसंगांपैकी एक शाळकरी स्पर्धा आहे, एक गच्चीवरची पोरांची झुंज आहे, एक अकरा सेकंदांची हाणामारी आहे जिचे साक्षीदार ब्रूसचे मित्र, आणि एक अशी की जिच्यावर साठ वर्षे वाद चालला आहे. प्रौढ वयात, तयार प्रतिस्पर्ध्यासमोर, तटस्थ पंचांच्या देखरेखीखाली तो एकदाही उतरलेला नाही. त्याच काळात चक नॉरिस, जो लुईस, माईक स्टोन हे अमेरिकी कराटेपटू दर काही आठवड्यांनी स्पर्धेत उतरून जिंकत आणि हरतही होते. हरण्याची जोखीम ज्याने घेतलीच नाही, त्याला लढवय्या म्हणावे का, हा माझा प्रश्न आहे. वाँगने छापील आव्हान दिले तेव्हाही तो गप्प राहिला, हे धागाकर्त्यांनीच लिहिले आहे.

हे विजेते ब्रूसकडे शिकायला जात असत, असा युक्तिवाद यावर नेहमी केला जातो, म्हणून त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवतो. रमाकांत आचरेकर सर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले, आणि त्यांच्या हाताखालून सचिन तेंडुलकर घडला. शिकवण्याची दृष्टी आणि स्वतः मैदानात उतरून करून दाखवण्याची ताकद या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ब्रूस श्रेष्ठ गुरू होता, विचारवंत होता, हे मी आनंदाने मान्य करतो. पण शिष्यांच्या पदकांवरून गुरूची झुंज मोजता येत नाही.

शिवाय एक विनंती. नानचाकूने (साखळीने जोडलेल्या दोन दांड्यांच्या हत्याराने) टेबल टेनिस खेळणाऱ्या ब्रूस लीची चित्रफीत कृपया कोणी इथे पुरावा म्हणून देऊ नये. ती २००८ मध्ये नोकियाने चीनमध्ये एका फोनसाठी केलेली जाहिरात आहे, त्यात ब्रूससारखा दिसणारा नट आहे आणि चेंडू संगणकावर घातलेला आहे. माझ्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर ती दर वर्षी नव्याने येते आणि दर वर्षी कोणीतरी भारावून जाते.

शुभ्रकमळ

मी कराटे शिकवते, त्यामुळे ‘स्पर्धेत उतरला नाही’ या आक्षेपावर सविस्तर लिहिणे मला भाग आहे.

साठच्या दशकातल्या अमेरिकी कराटे स्पर्धांमध्ये ठोसा किंवा लाथ अंगापासून किंचित अलीकडे थांबवायची असा नियम होता. पंच झेंडा वर करत, गुण दिला जाई आणि दोघे पुन्हा आपापल्या जागी जात. ज्या वाराने समोरचा माणूस हललाही नसता त्यालाही गुण मिळत असे, आणि ज्याने नियम पाळून हात आवरला त्याच्यावर पुढच्याच क्षणी वार झाला तरी तो विजेताच ठरे. ब्रूसने या प्रकाराला कोरड्या जमिनीवरचे पोहणे म्हटले होते. हा त्याचा कांगावा होता असे म्हणता येईल, पण त्याने त्याला पर्याय उभा केला हे नाकारता येत नाही. १९६७ साली लॉस एंजेलिसच्या चायनाटाउनमध्ये उघडलेल्या आपल्या जागेत तो शिष्यांना डोक्याला आणि छातीला संरक्षक साधने घालून पूर्ण ताकदीने भिडायला लावत असे. आज आमच्या वर्गात लहान मुलेसुद्धा तशी साधने घालतात, पण तेव्हा पारंपरिक शाळांमध्ये हे जवळजवळ पाखंड मानले जाई. त्याच वर्षी लाँग बीचच्या कराटे स्पर्धेत त्याने ही साधने घालून शिष्याबरोबर जाहीरपणे भिडून दाखवले, आणि त्याची चित्रफीत उपलब्ध आहे. खोट्या जाहिरातीऐवजी लोकांनी ती पाहावी.

त्याच स्पर्धेच्या १९६४ सालच्या खेपेत, स्पर्धेचा आयोजक एड पार्कर याच्या निमंत्रणावरून, त्याने एक इंचाचा ठोसा दाखवला होता. लोक त्याला लढाईचा पुरावा समजतात आणि तसा तो नाही, याबाबत मी ‘पुराव्यानिशी’ यांच्याशी सहमत आहे. समोरचा माणूस स्थिर उभा असतो, पाय जवळजवळ एका रेषेत असतात आणि मागे खुर्ची ठेवलेली असते, त्यामुळे छातीवर जोर आला की तो मागे जाऊन बसतोच. तरीही त्या ठोशात एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. हात जेमतेम बोटभर सरकतो आणि सारा जोर मागच्या पायाच्या टाचेतून, गुडघ्यातून, कंबरेच्या झटक्यातून येतो, आणि शेवटच्या क्षणी मनगट वर उचलले जाते. मी हे विद्यार्थ्यांना भिंतीला टेकवलेल्या गादीवर शिकवते, आणि ज्यांना ते जमते त्यांचा साधा सरळ ठोसाही काही महिन्यांत बदललेला मला जाणवतो. शरीराचा असा एकसंध वापर ब्रूसच्या हालचालीत सतत दिसतो, आणि तो दिखाव्यासाठी कमावता येत नाही.

आचरेकर सरांचे उदाहरण चपखल आहे, पण ते पूर्णपणे लागू पडत नाही असे मला वाटते. क्रिकेटचा प्रशिक्षक जाळीबाहेर उभा राहून शिकवू शकतो. जो लुईस, नॉरिस आणि स्टोन यांच्यासारख्यांना दाखवायचे तर समोर उभे राहून, हात लावून दाखवावे लागते, आणि लुईस तर अमेरिकी नौदल पायदळातून आलेला, ब्रूसपेक्षा कितीतरी वजनदार गडी होता. समोरचा माणूस अंतर कसे तोडतो, त्याचा हात आपल्याला दिसण्याआधी पोहोचतो की नाही, हे अशा विजेत्याला पहिल्या पाच मिनिटांत कळते. नुसत्या गप्पांवर तो पुन्हा आला नसता.

उत्तरायण (धागाकर्ता)

‘पुराव्यानिशी’, तुमचा हरण्याच्या जोखमीचा मुद्दा या चर्चेतला सर्वांत भक्कम आक्षेप आहे आणि मी तो झटकू इच्छित नाही. वाँगच्या छापील आव्हानावर त्याने गप्प राहणे पसंत केले, हे त्याच्या भक्तांनी विसरू नये म्हणूनच मी ते लिहिले. प्रत्येक स्पर्धकाला रिंगणातली जी भीती, जी अनिश्चितता सोसावी लागते ती प्रौढ ब्रूसने पुन्हा पुन्हा सोसली नाही, आणि त्यामुळे जो लुईसच्या पंक्तीत त्याला स्पर्धक म्हणून बसवता येत नाही.

परंतु ‘तयार प्रतिस्पर्ध्यासमोर उतरला नाही’ या वाक्याशी मी सहमत नाही. वाँग जॅक मॅन हा कच्चा गडी नव्हता. उत्तर शाओलिनबरोबर शिंग यी आणि ताई ची या चिनी युद्धकलांतही तो जाणकार होता, आणि पुढे त्याने सॅन फ्रान्सिस्कोत अनेक दशके शिष्य घडवले. २०१८ मध्ये त्याचे निधन झाले. ब्रूस जगप्रसिद्ध झाल्यावरही त्या झुंजीचे भांडवल करून त्याने आयुष्यभर मुलाखती दिल्या असे झाले नाही, याबद्दल मला त्या माणसाचा आदर वाटतो. ब्रूसची थोरवी सांगण्यासाठी वाँगला चित्रपटातल्या खलनायकासारखे रंगवण्याची जी पद्धत पडली आहे ती मला अन्यायाची वाटते.

जो लुईसविषयी एक भर घालतो. १९७० मध्ये अमेरिकेत पूर्ण ताकदीच्या किकबॉक्सिंगच्या लढती सुरू झाल्या तेव्हा पहिल्या लढतीत लुईसच उतरला आणि समोरच्याला बाद करून जिंकला. अंतर तोडून आत शिरण्याचे आणि कोन बदलत राहण्याचे तंत्र ब्रूसकडून मिळाले, हे तो सांगत असे. त्याच लुईसने पुढे ब्रूसविषयी बोलताना स्पर्धक आणि अभ्यासक यांच्यात फरक केला पाहिजे अशीही भूमिका घेतली. दोन्ही गोष्टी एकाच तोंडून आल्या असल्यामुळे त्याची साक्ष मला भक्तांच्या साक्षीपेक्षा जास्त वजनाची वाटते.

पश्चिमवारा

चित्रपट बाजूला ठेवण्याची अट मान्य करूनही मला त्यांच्याविषयी थोडे लिहायचे आहे, कारण माझ्या मते तिथेच एक उलटा पुरावा आहे.

पडद्यावर ब्रूस ली उंच लाथा मारतो, उड्या मारतो, एकाच वेळी पंधरा जणांना लोळवतो. शिष्यांना तो जे शिकवत असे त्यात यातले फारच थोडे होते. त्याच्या टिपणांत आणि शिकवणीत पहिला मान होता तो बोटांनी डोळ्यांवर करायच्या झटपट वाराला आणि पुढच्या पायाने नडगीवर किंवा गुडघ्यावर मारायच्या आडव्या लाथेला. विचार सरळ होता. आपले सर्वांत पुढे असलेले हत्यार समोरच्याच्या सर्वांत जवळच्या जागी लागावे, म्हणजे अंतरही कमी आणि वेळही कमी. प्रेक्षकाला यात पाहण्यासारखे काही नाही, कारण नडगीवर लाथ बसली की प्रसंग संपतो. आपण पडद्यावर दाखवतो ते निराळे आणि लढताना करायचे ते निराळे, हा फरक त्याच्या मनात स्वच्छ होता. केवळ नट असलेल्या माणसाला असा फरक करण्याची गरजच पडली नसती.

‘एंटर द ड्रॅगन’ची सुरुवात ज्यांनी लक्षपूर्वक पाहिली असेल त्यांना आठवेल की तिथे ब्रूस आणि सॅमो हंग हा नट बोटे उघडी राहणारे छोटे मोजे घालून लढतात आणि लढत ठोशाने संपत नाही. ब्रूस त्याला जमिनीवर नेतो, हात अडकवतो आणि समोरचा थाप मारून हार मानतो. हा प्रसंग त्याने स्वतः बसवला होता. १९७३ च्या प्रेक्षकाला त्यात विशेष काही वाटले नसेल, पण आज कोणत्याही मिश्र युद्धकलांच्या लढतीत हेच मोजे आणि हाच शेवट दिसतो. ‘तालमीतला’ यांनी लबेलची जी हकिगत सांगितली तिचे फळ मला या प्रसंगात दिसते.

आणखी एक गोष्ट. १९७० च्या ऑगस्टमध्ये खांद्यांवर वजन घेऊन कंबरेतून वाकण्याच्या व्यायामात त्याच्या पाठीला गंभीर इजा झाली. पुन्हा लाथ मारता येणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले आणि तो कित्येक महिने अंथरुणाला खिळून होता. जगभर गाजलेले त्याचे सगळे चित्रपट या दुखापतीनंतरचे आहेत, आणि पाठदुखीने त्याची पाठ पुढे कधीच सोडली नाही. म्हणजे आपण पडद्यावर ज्याला पाहतो तो शारीरिकदृष्ट्या त्याच्या उमेदीच्या काळातला ब्रूस नाही. लढवय्या म्हणून त्याचा बहर मोजायचा तर १९६५ ते १९७० ही वर्षे पाहावी लागतील, आणि नेमक्या त्याच वर्षांची चित्रफीत सर्वांत कमी आहे.

पुराव्यानिशी

‘पश्चिमवारा’ यांचा पहिला मुद्दा मला पटला. शिकवण आणि प्रदर्शन यांतला फरक हे चांगले प्रमाण आहे. माझा निष्कर्ष आता असा मांडतो की तो त्याच्या वजनाच्या सामान्य प्रशिक्षित माणसाला भारी पडला असता, आणि त्याच वजनाच्या अव्वल व्यावसायिक मुष्टियोद्ध्यापुढे किंवा मल्लापुढे त्याचे पारडे जड होते असे म्हणायला आधार नाही. कोणाला याहून पुढे जायचे असेल तर साक्षीदार सांगावा.

तालमीतला

हे मला मान्य आहे. फक्त ‘सामान्य प्रशिक्षित’ हे शब्द थोडे कमी पडतात, एवढे नोंदवतो. जो माणूस वीस-तीस किलो जास्त वजनाच्या विजेत्यांबरोबर वर्षानुवर्षे हात मिळवतो, तो सामान्यांपेक्षा बराच वर असतो. आमच्या तालमीतही असे एक-दोन गडी होते जे मैदानात कधी उतरले नाहीत, पण मैदान गाजवणारे मल्ल खडाखडीसाठी त्यांनाच शोधत येत. त्यांना गदा मिळाली नाही आणि ती मिळायलाही नको होती, पण त्यांची कुस्ती खरी होती याबद्दल त्यांच्याशी खेळलेल्या कोणालाही शंका नव्हती.

शुभ्रकमळ

ज्यांना १९६७ ची लाँग बीचची चित्रफीत पाहायची आहे त्यांनी पहिल्यांदा हातांकडे आणि लाथांकडे लक्ष देऊ नये, पायांकडे द्यावे. ब्रूस उजवी बाजू पुढे ठेवून उभा असतो, म्हणजे त्याचा बळकट हात आणि पाय समोरच्याच्या जवळ असतात, जे बहुतेक मुष्टियोद्धे करत नाहीत. तो अंतराच्या किंचित बाहेर हलत राहतो आणि आत शिरताना मागचा पाय जमीन ढकलतो, पुढचा पाय उचलला गेला हे दिसेपर्यंत तो पोहोचलेला असतो. समोरचा शिष्य मागे सरकतो तेव्हा तो त्याला मोकळा सोडत नाही, त्याच लयीत पाठोपाठ जातो. ओकलंडला वाँगला गाठताना तो ज्या ठिकाणी अडला होता, तिथे तीन वर्षांनी त्याने काय केले होते ते या काही मिनिटांत पाहता येते. समोर त्याचाच शिष्य आहे आणि तो पूर्ण जोराने उलट वार करत नाही, हे ध्यानात ठेवूनच ती पाहावी.